जावं की थांबावं?

घरात लग्नाची पत्रिका येते. आहेराची साडी आणून ठेवलेली असते. आणि नेमका तेव्हाच शेजारच्या पोराला गोवर निघतो!

मोताळ्याकडच्या एका बाईंना असाच पेच पडला. त्यांना भाच्याच्या लग्नाला शेगावला जायचं होतं. मलकापूरपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. त्यांची तीन वर्षांची मुलगी शेजारच्या पोराबरोबर खेळली. दोनच दिवसांनी त्या पोराला गोवर निघाला. या गोष्टीला आता 8 दिवस झाले होते. मुलीला ताप नव्हता, अंगावर पुरळ नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी तं हसते-खेळते. मंग काहून थांबाव?"

सासूबाईंचं म्हणणं वेडगळ नाही. आपण सगळेच असं म्हणतो. पण गोवर मोठा लबाड आहे. पुरळ उठायच्या 4 दिवस आधीपासून तो दुसऱ्याला लागतो. तेव्हा नुसता ताप, पडसं, लाल डोळे. आपण म्हणतो, ऊन लागलं असेल. पुरळ उठल्यावर आणखी 4 दिवस तो लागतच असतो. आजारी पोर खोलीतून गेलं तरी 2 तासांपर्यंत रोग तिथल्या हवेत राहू शकतो. मग भरलेल्या एसटीचं काय सांगावं?

म्हणून अशा वेळी दिवस मोजावेत. आजारी मुलाशी गाठ पडली त्या तारखेवर कॅलेंडरात खूण करा. तिथून साधारण 10 दिवसांनी ताप येतो, 14 दिवसांच्या सुमारास पुरळ. कधी याहून उशीरही होतो. तेव्हा 5 व्या दिवसापासून 21 व्या दिवसापर्यंत धोका धरावा. कांजिण्या असतील तर 8 व्यापासून 21 व्यापर्यंत.

बाईंनी मोजलं. लग्न 12 व्या दिवशी येत होतं!

मग लशीचं कार्ड काढलं. गोवर-रुबेलाची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. दोन्ही डोस झालेल्या मुलाला गोवर सहसा होत नाही. 2022 साली मुंबई, मालेगाव, भिवंडीकडे गोवराची साथ आली, मुलं दगावली. त्यांत लस न घेतलेली पुष्कळ होती. बाईंच्या मुलीचा एकही डोस झाला नव्हता. (हंगामात डोस राहून जातो, हे आम्हांला ठाऊक आहे.) गाठ पडल्यापासून 3 दिवसांच्या आत टोचलं तर कधी कधी रोग अडतो. ती मुदतही गेली होती.

आणि शेगावच्या घरात थोरल्या भाच्याचं 6 महिन्यांचं बाळ होतं. त्याच्या लशीला अजून अवकाश होता. गोवरामागून न्यूमोनिया होतो आणि अशी लहान बाळं हातची जातात. बाईंचा जीव इथंच अडला. पण लग्नात आत्याच नाही, तर लोक काय म्हणतील?

मोठ्या माणसाला पूर्वी गोवर येऊन गेला असेल, तर त्यानं जायला हरकत नाही. बाईंना लहानपणी येऊन गेला होता. पोरीला आजीपाशी ठेवून एका दिवसात परतायचं, असं त्यांनी ठरवलं. 11 व्या दिवशी संध्याकाळी पोरीचं अंग तापलं. बाई थांबल्या, लग्नाला एकटा नवरा गेला.

आशाताईंनी आरोग्य केंद्रात आधी कळवलं, म्हणून पोरीला गर्दीत बसावं लागलं नाही. तिथं जीवनसत्त्व अ चा डोस मिळाला. पुढं पुरळ उठलं, मावळलं, पोरगी बरी झाली.

महिन्याभरानं नवरा-नवरी मोताळ्याकडे जेवायला आली. बाईंनी आहेराची साडी तेव्हा नेसवली. बरोबर ते बाळही आलं होतं.