दीड वर्षाचा सोबती

“कुत्रा आणायचाच तर पिल्लू आणा. हे दहा वर्षांचे थेरडे आणून काय करणार? दोन वर्षांत मरायचे ते!”

शेजारच्या काकूंनी हा सल्ला दिला तेव्हा आमच्या सासूबाई तिथेच मटार सोलीत बसल्या होत्या. त्यांचे वय ८१. त्या काही बोलल्या नाहीत. पण सोलणारा हात क्षणभर थांबलेला मला दिसला.

टायगरला आम्ही पुण्याजवळच्या एका निवाऱ्यातून आणले. पहिले मालक परगावी गेले, नव्या जागेत कुत्रा चालत नव्हता, म्हणून त्याला तिथे सोडून गेले होते. पिल्लांभोवती माणसांची गर्दी होती. हा मात्र कोपऱ्यात पडून होता. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे मान वर करून पाहणेही त्याने सोडून दिले होते. आमचे हे म्हणाले, “हाच नेऊ.”

कागदपत्र कसलेच नव्हते. डॉक्टरांनी झिजलेले दात आणि डोळ्यांतली निळसर झाक पाहून दहाचा अंदाज केला. ती झाक म्हणजे मोतीबिंदूच असे नव्हे. उतारवयात कुत्र्याच्या डोळ्यातले भिंग तसे दिसू लागते, हेही तेव्हाच कळले. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा आपला नेहमीचा हिशोबही ढोबळच. २०२० साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी लॅब्रडॉर कुत्र्यांचे रक्त तपासून जे सूत्र मांडले, त्याप्रमाणे दहा वर्षांचा कुत्रा सुमारे ६८ वर्षांच्या माणसाएवढा भरतो. आमचा टायगर गावठी, तरी हे मी वाचून दाखवताच सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे माझ्याहून लहानच की!”

निवाऱ्यातल्या माणसांनी बजावले होते, “तीन दिवस घाबरेल, तीन आठवड्यांत घर ओळखेल, तीन महिन्यांनी तुमचा होईल.” झालेही जवळपास तसेच. पहिले तीन दिवस टायगरमहाराज जेवणाच्या टेबलाखालून हलले नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी ते सासूबाईंच्या खाटेपाशी जाऊन झोपले आणि ती जागा त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. संध्याकाळी दोघे सोसायटीच्या आवारात फेरी मारीत. एकाचे गुडघे दुखत, दुसऱ्याचे मागचे पाय. कोणी कोणाला घाई करीत नसे. दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब वाजला की नावाचा हा वाघ खाटेखाली, आणि सासूबाईंचा एक हात खाटेवरून खाली!

दुसऱ्या पावसाळ्यात तो पाणी पुष्कळ पिऊ लागला. आम्ही कौतुकाने सांगत असू, “प्रकृती सुधारली हो, वाडगा दोनदा भरावा लागतो!” आजही हे आठवले की जीव चोरटा होतो. वांत्या सुरू झाल्या तेव्हा रक्त तपासले. मूत्रपिंडे बिघडली होती. डॉक्टर म्हणाले, “निम्म्याहून कितीतरी अधिक काम बंद पडेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. जास्त पाणी पिणे हीच पहिली खूण.” ज्यांच्या घरी म्हातारा कुत्रा आहे त्यांनी वाडग्यातले पाणी एकदा मोजून पाहावे. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरहून अधिक जात असेल, तर कौतुक न करता डॉक्टर गाठावा. आणि सहा महिन्यांनी एकदा रक्त-लघवी तपासावी, कुत्रा ठणठणीत दिसत असला तरी.

पथ्याच्या अन्नावर आणि सलाइनवर आणखी चार महिने गेले. मग त्याने अन्न सोडले. उठताना तो कोलमडू लागला. डॉक्टरांनी हलक्या आवाजात सुचवले, की आता झोपेच्या औषधाची मोठी मात्रा देऊन त्याला सोडवावे. आम्ही म्हणालो, “आणखी दोन दिवस पाहू.” ते दोन दिवस त्याच्यासाठी नव्हते, आमच्यासाठी होते. दुसऱ्या रात्री सासूबाईंनी ह्यांना जवळ बोलावले. “बाळ, तो दमलाय रे. तुमच्यासाठी किती ताटकळत ठेवणार त्याला?”

सकाळी डॉक्टर घरीच आले. खाटेशेजारच्या त्याच्या जागेवर, सासूबाईंचा हात डोक्यावर असताना तो गेला. निवाऱ्याच्या कोपऱ्यात नाही, आपल्या घरात. दीड वर्षात आम्ही त्याला याहून अधिक काही देऊ शकलो, असे मला वाटत नाही. आणि त्याने काय दिले, ते सासूबाईंच्या बंद पडलेल्या संध्याकाळच्या फेऱ्यांवरून कळत होते.

महिन्याभराने शेजारच्या काकू पुन्हा आल्या. “मी म्हणत नव्हते? आता तरी पिल्लू आणा.”

या वेळी मटार नव्हते. सासूबाईंच्या हातात जपमाळ होती. ती त्यांनी मांडीवर ठेवली.

“पिल्लांना कोणीही नेते हो,” त्या म्हणाल्या. “रविवारी आम्ही निवाऱ्यात जाणार आहोत. मीही येणार आहे.”