गाडी त्यांची, लेणी आपली!

गेल्या वर्षावासातील एका रविवारची गोष्ट. कुर्ल्याच्या आमच्या वस्तीतील विहारात वंदना आटोपून उपासक-उपासिका बसल्या होत्या. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने रंगीत माहितीपुस्तिका आणली होती. तीत राजवाड्यासारख्या सजवलेल्या आगगाडीची चित्रे होती. आत मखमली पडदे, गुबगुबीत पलंग आणि खिडकीबाहेर हिरवेगार डोंगर! पुस्तिका या हातातून त्या हातात फिरली. एका माणसाचे सात रात्रींचे भाडे काही लाखांच्या घरात आहे, हे ऐकताच एक भगिनी म्हणाल्या, "अगं बाई, एवढ्या पैशात आपल्या विहारावर पत्र्याऐवजी स्लॅब येईल की!" सगळे हसले.

हसले नाहीत ते एक वृद्ध काका. रेल्वेच्या यार्डात डबे धुण्याचे काम करून ते निवृत्त झाले. ते शांतपणे म्हणाले, "वरच्या वर्गाचे डबे मी उभ्या आयुष्यात हजारो धुतले. पण डबा कायम उभाच पाहिला. चालत्या डब्याच्या काचेतून काय दिसतं, ते काही पाहिलं नाही."

वाचकहो, काकांच्या या बोलण्यामुळेच आम्ही हा लेख लिहायला घेतला.

हा प्रकार आहे तरी काय?

आपल्या देशात १९८२ साली राजस्थानात 'पॅलेस ऑन व्हील्स' ही राजेशाही गाडी सुरू झाली. त्याच धर्तीवर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि भारतीय रेल्वे यांनी २००४ मध्ये 'डेक्कन ओडिसी' आणली. कोरोनाच्या काळात बंद पडलेली ही गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा धावू लागली. रात्री प्रवासी झोपतो आणि गाडी चालत राहते. सकाळी उठावे तर नवे गाव! दिवसभर स्थळे पाहून प्रवासी संध्याकाळी पुन्हा आपल्याच खोलीत परततो. थोडक्यात, हे चाकांवरचे पंचतारांकित हॉटेलच.

आता गंमत पाहा. या गाडीच्या महाराष्ट्रातील सहलीत श्रीमंत पाहुण्यांना दाखवतात काय? वेरूळ आणि अजिंठा! तीच गोष्ट उत्तरेकडची. रेल्वेच्या पर्यटन महामंडळाने २००७ मध्ये 'महापरिनिर्वाण एक्सप्रेस' सुरू केली. दिल्लीहून निघून बोधगया, राजगीर, नालंदा, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी आणि श्रावस्ती असा आठ दिवसांचा हा वातानुकूलित प्रवास. परदेशातील बौद्ध बांधव मोठ्या श्रद्धेने तो करतात. १४ एप्रिल २०२३ रोजी बाबासाहेबांच्या नावाने महू, नागपूरची दीक्षाभूमी, सांची, सारनाथ, गया अशी एक खास पर्यटक गाडीही सुटली. पण तीही दिल्लीहून. कुर्ल्याच्या कामगाराने आधी दिल्ली गाठायची, मग भाडे भरायचे, हे कसे जमावे?

म्हणजे जगाला दाखवण्यासारखे जे आहे, ते तथागतांच्या धम्माने दिलेले आहे. आणि त्या धम्माचे आपण वारसदार! मग आपल्यापैकी किती कुटुंबांनी वेरूळ पाहिले आहे? आमच्या विहारात आम्ही हात वर करायला सांगितले. चाळीस जणांत सहा हात वर आले.

बाबासाहेबही सहलीला निघाले होते

परमपूज्य बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात आपल्या प्रवासांचे अनुभव लिहून ठेवले आहेत. १९०१ साली भीमराव भावंडा-भाच्यांसह नवे कपडे घालून पहिल्यांदा आगगाडीत बसले. वडिलांना भेटायला निघालेली ती मुले मसूर स्टेशनवर उतरली. पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडी मुलांनाच हाकावी लागली आणि रात्रभर त्यांना पाण्याचा थेंब मिळाला नाही. पुणे-मिरज मार्गावर ते मसूर स्टेशन आजही आहे.

दुसरा प्रसंग १९३४ सालचा. चळवळीतील सहकाऱ्यांना सहल काढायची होती. बाबासाहेब तयार झाले आणि काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. सुमारे तीस जण नाशिकहून औरंगाबादकडे निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून तिथल्या लोकांनी एकच गहजब केला. अखेर किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर हत्यारबंद शिपाई सोबत देऊन त्यांना आत सोडले.

बंधू-भगिनींनो, आज 'डेक्कन ओडिसी'चे पाहुणे पाहतात ते हेच नाशिक, हेच औरंगाबाद, हेच वेरूळ. ज्या वाटेवर आपल्या उद्धारकर्त्याला पाणी नाकारले गेले, त्या वाटेवर आज आपण ताठ मानेने, तिकीट काढून जाऊ शकतो. मग का जात नाही?

रजा कशासाठी मिळाली?

पैसा नाही, हे एक उत्तर झाले. पण आम्ही कारकुनी करतो. कामगारांचे रजेचे अर्ज आमच्या हातून जातात. आपले लोक रजा घेतात ती आजारपणाला, लग्नाला आणि मयतीला. उरलेल्या रजेचे पैसे करून घेतात. मुक्काम करून आराम केला, मुलांना काही दाखवले, असे क्वचितच.

ही पगारी रजा आकाशातून पडलेली नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगारांना पगारी सुट्टी देणारी दुरुस्ती १९४५ मध्ये झाली. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये. कामगार हा यंत्राचा दात नाही, त्यालाही विसावा हवा, संसार हवा, वाचन हवे, हा त्यामागचा विचार. ती रजा आपण वाया घालवतो, याचे आम्हाला वाईट वाटते.

कोणी म्हणेल, आधी मुलांचे शिक्षण, मग सहली. बरोबर आहे. कर्ज काढून फिरू नका, असेच आम्हीही सांगू. पण पाचवीतल्या मुलीने अजिंठ्याची चित्रे समोर उभी राहून पाहिली, तर ते शिक्षण नव्हे काय?

आपली स्वतःची 'राजेशाही' गाडी

आमच्या वस्तीतील सात कुटुंबांनी भिशीसारखी वर्षभर थोडी थोडी रक्कम बाजूला टाकली आणि सहल काढली. तिचा आराखडा इथे देत आहोत.

शुक्रवारी रात्रीची देवगिरी एक्सप्रेस, साधा स्लीपर वर्ग. कुर्लेकरांनी दादर किंवा ठाण्याला चढावे. पहाटे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. शनिवारी दौलताबाद आणि वेरूळ. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध आहेत. दहाव्या लेण्याला लोक 'सुतार झोपडी' म्हणतात, ते चुकवू नका. सवड काढून नागसेनवनातील, १९५० साली बाबासाहेबांच्या संस्थेने सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय मुलांना दाखवा. रविवारी अजिंठा, आणि रात्रीच्या गाडीने परत. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे ध्यानात ठेवा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. त्याच दिवशी तिकीट काढावे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते, तेही हिशोबात धरा. निसर्ग पाहायचा असेल तर एक वेळचा प्रवास दिवसाच्या तपोवन एक्सप्रेसने करा. पावसाळ्यात कसारा घाटातील बोगदे आणि धबधबे पाहायला लाख रुपये लागत नाहीत!

तीन दिवस जमत नसतील त्यांनी लोणावळा गाठून पुण्याकडच्या लोकलने मळवलीला उतरावे. तिथून भाजे आणि कार्ले ही लेणी जवळ आहेत. कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत सुगंधी द्रव्ये विकणारा आहे आणि दरवाजा घडवणारा सुतारही आहे. म्हणजे हे वैभव नुसते राजांचे नाही, कष्टकऱ्यांचेही आहे. त्याच लोकलने पुढे देहूरोडला जावे. तेथील विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. लोणावळ्याच्या लोकल दुपारी फार कमी असतात, म्हणून सकाळी लवकर निघावे.

एक गोष्ट मात्र पुरुष मंडळींना सांगितल्याशिवाय राहवत नाही. राजेशाही गाडीतले खरे सुख मखमली पडद्यांत नसते. आयते ताट समोर येण्यात असते. आपल्याकडे सहलीच्या आदल्या रात्री घरची बाई दोन वाजेपर्यंत चपात्या लाटते आणि गाडीत पेंगते! आमच्या सहलीत आम्ही नियम केला, शिदोरी पुरुषांनी करायची. चपात्या जाड झाल्या, भाजीत मीठ जास्त पडले. पण भगिनी खिडकीशी बसून गप्पा मारत होत्या. त्यांतील दोघी लग्नानंतर पहिल्यांदाच कार्यक्रमाविना गावाबाहेर पडल्या होत्या.

डबे धुणारे ते काकाही आमच्यासोबत होते. येताना त्यांच्यासाठी दिवसाच्या तपोवनचे तिकीट काढले होते. इगतपुरी सोडून गाडी घाट उतरू लागली, तसा नातू खिडकीसाठी हट्ट करू लागला. काका म्हणाले, "थांब जरा. तुला पुढे पुष्कळ प्रवास करायचेत." आणि कसारा येईपर्यंत त्यांनी खिडकी सोडली नाही.