जुन्या कानशीचा चाकू : नवशिक्यासाठी घरगुती लोहारकाम

शेतीच्या अवजारांचा विषय निघाला म्हणजे नांगर, पाभर, कोळपे यांच्याकडे आणि अलीकडे ट्रॅक्टर व मळणीयंत्र यांच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु वर्षाचे बाराही महिने शेतकऱ्याच्या हातात जे हत्यार असते, ते म्हणजे धारेचे साधे पाते होय. विळ्याने कापणी, खुरप्याने निंदणी, कोयत्याने ऊसतोड, चाकूने छाटणी व कलम, ही सर्व कामे पात्याच्या गुणावर अवलंबून असतात. पाते चांगले असेल तर दिवसाचे काम हलके होते. बोथट असेल तर मनगट भरून येते आणि कामही बिघडते. कलमाच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेषच खरी आहे. आंब्याचे कोयकलम असो अथवा द्राक्षाच्या खुंटावरील कलम असो, खुंट व कलमकाडी यांच्या सालीखालील वाढीचा पातळ थर एकमेकांस भिडला तरच सांधा जुळतो. बोथट पात्याने तो थर चेंगरतो, काप सपाट येत नाही, सांध्यात पोकळी राहते आणि काडी वाळून जाते. मग दोष खुंटाला किंवा हवेला दिला जातो. चाकूकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

असे पाते पूर्वी गावचा लोहार करून देत असे. बारा बलुतेदारांत त्याचे स्थान मानाचे होते. खळ्यावर त्याचे बलुते ठरलेले असे व त्या बदल्यात गावाची सर्व अवजारे तो शेवटून देई. आज अनेक गावांत त्याचा भाता थंडावला आहे. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून राहणारी घिसाडी कुटुंबे, ज्यांत पुरुष सांडशीने लोखंड धरतो आणि घण बहुधा त्याची कारभारीण मारते, तीही पूर्वीइतकी दिसत नाहीत. बाजारात स्वस्त पाती मुबलक मिळतात. परंतु त्यांपैकी कित्येक साध्या मऊ पत्र्याची असून चार दिवसांत बोथट होतात. अशा स्थितीत शेतकऱ्याने, निदान त्याच्या घरातील एखाद्या हौशी तरुणाने, एक चाकू स्वतःच्या हाताने करून पाहावा, असे आम्ही सुचवितो. लोहाराचा धंदा काढून घ्यावा हा यातील हेतू नाही. एक पाते करून पाहिले म्हणजे चांगल्या पात्याची पारख येते, आणि लोहाराच्या कसबाची किंमतही कळते.

ही विद्या आपल्या भूमीला नवी नाही. विदर्भातील नायकुंड येथे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली आहे. तेलंगणातील कोनसमुद्रम हे गाव एके काळी मुशीत गाळलेल्या पोलादासाठी इराणपर्यंत प्रसिद्ध होते. याच हिंदी पोलादाचे पृथक्करण सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ मायकल फॅरेडे यांनी १८१९ साली प्रसिद्ध केले; आणि या प्रयोगांत त्यांचे सहकारी असलेले जेम्स स्टोडार्ट हे लंडनमधील एक चाकू-कात्र्या करणारे कारागीर होते.

पोलादाची निवड

साधे लोखंड व पोलाद यांतील भेद मुख्यतः कर्बाच्या प्रमाणाचा आहे. खिडकीच्या गजाच्या किंवा पत्र्याच्या मऊ लोखंडात कर्ब शेकडा पाव भाग किंवा त्याहून कमी असतो. ते कितीही तापवून विझविले तरी कठीण होत नाही. मोटारीच्या कमानीच्या पाट्यात तो शेकडा अर्धा ते पाऊण असतो, आणि चांगल्या कानशीत शेकडा एकाच्या आसपास अथवा किंचित अधिक असतो. नवशिक्याने कमानीचा पाटा घेऊ नये. तो जाड असल्याने घणाखाली ठोकून पातळ करावा लागतो. शिवाय वर्षानुवर्षे ओझे वाहिल्याने त्यात डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा असण्याचा संभव असतो. झिजून टाकून दिलेली आठ इंची चपटी कानस हीच पहिल्या कामास उत्तम. मात्र काही हलक्या कानशी आतून मऊ लोखंडाच्या असून केवळ वरच्या कातडीपुरत्याच कठीण केलेल्या असतात. त्यांचे पाते टिकत नाही, म्हणून नामांकित कारखान्याची कानस घ्यावी.

याखेरीज लागणारे साहित्य थोडेच आहे : एक भरड व एक बारीक नवी कानस, लोखंड कापण्याची करवत, वस्तू घट्ट धरण्यासाठी वाईस, भोके पाडण्याचे हाताने फिरवावयाचे ड्रिल, सांडशी, एक लोहचुंबक, सहाणकागद, धारेचा निसणा, शेर-दोन शेर गोडे तेल आणि टोपलीभर लोणारी कोळसा. जमिनीत वीतभर लांब व तितकाच खोल खड्डा करून त्यात बाजूने लोखंडी नळी सोडावी आणि हातपंख्याने अगर भात्याने वारा द्यावा, की भट्टी तयार झाली. जस्ताचा मुलामा दिलेली नळी मात्र वापरू नये. तापल्यावर तिच्यातून निघणारा धूर विषारी असतो.

कानस मऊ करणे व आकार देणे

जुनी कानस आहे त्या स्थितीत घासता येत नाही, कारण ती काचेइतकी कठीण असते. प्रथम ती भट्टीत सर्वांगी लाल करावी. चुंबक तिला चिकटेनासे झाले म्हणजे ती तशीच कोरड्या राखेच्या ढिगात पुरून रात्रभर थंड होऊ द्यावी. हळू निवाल्यामुळे पोलाद मऊ पडते आणि नवी कानस त्यास लागते.

नंतर जाड कागदावर चाकूचा आकार काढून कापावा व तो पोलादावर आखून घ्यावा. पहिल्या चाकूचे पाते तीन इंचांहून लांब नसावे. पात्यामागे मुठीत जाणारा देठ पात्याइतकाच रुंद ठेवावा. जेथे देठ व पाते मिळतात तेथे काटकोनी खाच कधीही करू नये, गोलाई द्यावी. कारण पाणी देताना तडा बहुधा तीक्ष्ण कोपऱ्यातूनच जातो. याच कारणास्तव जुन्या कानशीचे दाते पात्यावरून पूर्णपणे घासून काढावेत.

कानस चालविताना दाब पुढे जाताना द्यावा व परत आणताना ती उचलून घ्यावी. मागे-पुढे रेटल्याने तिचे दाते लवकर मरतात. पात्याचा उतार दोन्ही बाजूंस सारखा उतरत न्यावा. मात्र कलमासाठी चाकू हवा असल्यास एक बाजू सपाट ठेवून दुसऱ्याच बाजूस उतार द्यावा, म्हणजे काप सरळ येतो. या वेळी धारेची कड सुमारे एक मिलिमीटर जाड राखणे अत्यंत आवश्यक आहे. उत्साहाच्या भरात ती आताच पातळ केली, तर विझविताना पाते वाकते किंवा चिरते. मुठीच्या खिळ्यांची भोकेही याच वेळी पाडावीत. पुढे ती पाडणे शक्य होत नाही.

पाणी देणे

आता या कामाचा गाभा येतो. मराठीत चांगल्या हत्याराला आपण ‘पाणीदार’ म्हणतो, ते उगीच नव्हे. घडण कितीही सुबक असली तरी पाणी नीट बसले नाही, तर ते पाते म्हणजे नुसता पत्रा होय.

पोलाद विशिष्ट तांबडेपणापर्यंत तापले म्हणजे त्यातील कर्ब लोहात विरघळून जातो. ते हळू निवाले तर कर्ब वेगळा होतो व धातू मऊ राहतो. एकदम विझविले तर त्यास वेगळे होण्यास अवधी मिळत नाही, तो लोहात अडकून राहतो आणि धातू अतिशय कठीण होतो. ही योग्य उष्णता ओळखण्याची युक्ती सोपी आहे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसवर लोहाचे चुंबकत्व नाहीसे होते. तेव्हा चुंबक सुटले, की त्याहून किंचित अधिक तापवावे, म्हणजे हवी ती आच मिळते. डाळिंबी लाल रंग उन्हात दिसत नाही, म्हणून हे काम सायंकाळी अथवा सावलीत करावे. रंग पिवळा होईपर्यंत तापविल्यास पोलादाचा कण मोठा होऊन पाते ठिसूळ बनते.

प्रथम पाते दोन-तीन वेळा लाल करून हवेतच निवू द्यावे. त्याने घासताना आलेला ताण निघून जातो. मग शेवटची आच देऊन, कोमट केलेल्या गोड्या तेलात ते टोकाकडून सरळ उभे बुडवावे आणि पुढे-मागे हालवावे. आडवे हालविल्यास वाकते. पाण्यात विझविल्याने कठीणपणा अधिक येतो खरा, परंतु तडा जाण्याचे भयही तितकेच वाढते. तेल लोखंडी भांड्यात असावे, त्याचे झाकण हाताशी ठेवावे, आणि भडका उडाल्यास झाकण अगर कोरडी वाळू टाकावी. पाणी कदापि टाकू नये. अंगावर सुती कपडे व डोळ्यांवर चष्मा असावा, आणि मुलांना दूर ठेवावे.

निवालेल्या पात्यावर नवी कानस घासून पाहावी. ती न लागता काचेवरून घसरावी तशी घसरली, तर पाणी बसले. लागली, तर आच कमी पडली असे समजून पुन्हा तापवावे.

पाणी उतरविणे

या अवस्थेतील पाते हातातून फरशीवर पडले तरी मोडते. म्हणून विलंब न लावता त्याचा फाजील कठीणपणा उतरविला पाहिजे. सहाणकागदाने एक बाजू चकचकीत करावी. नंतर एक जाड लोखंडी कांब लाल तापवून तिच्यावर पात्याची पाठ टेकवावी. उष्णता पाठीकडून धारेकडे सरकू लागते, आणि तिच्यापुढे रंगांच्या लाटा धावताना दिसतात. प्रथम पिकलेल्या गव्हाच्या काडाचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा व शेवटी निळा, असा त्यांचा क्रम आहे. चाकूच्या धारेवर गव्हाच्या काडाचा रंग, म्हणजे सुमारे २२० ते २३० अंश, येताच पाते पाण्यात बुडवावे. पाठ निळी व धार पिवळी राहिल्याने धार कठीण आणि पाठ चिवट असा दुहेरी लाभ होतो. घरी तापमान दर्शविणारी भाजण्याची भट्टी असल्यास २०० अंशांवर एकेक तास दोन वेळा पाते ठेवले तरी चालते.

हत्यार जितके आघात सोसणारे, तितका रंग पुढे जाऊ द्यावा. दगडास लागण्याचा संभव असलेल्या विळ्यास तपकिरी, आणि कुऱ्हाडीस जांभळ्या-निळ्याच्या सीमेवरील रंग मानवतो. जुने लोहार छिन्नीस पाणी देताना केवळ टोकच विझवितात व मागील भागात उरलेल्या उष्णतेनेच रंग धारेपर्यंत चढू देतात; तेही याच नियमाचे निपुण रूप आहे.

मूठ, धार व निगा

मुठीस बाभळीचे किंवा शिसवीचे वाळलेले लाकूड घ्यावे. देठाच्या दोन्ही बाजूंस फळ्या बसवून पितळी खिळे आरपार ठोकावेत आणि जवसाचे तेल मुरवावे. धार निसण्यावर पाणी घालून, दर बाजूस १५ ते २० अंशांचा कोन राखून लावावी; एकाच बाजूचा उतार असल्यास तीच बाजू घासून, सपाट बाजू निसण्यावर नुसती फिरवावी. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूस बारीक कंगोरा बोटाला लागू लागला, म्हणजे ती बाजू पुरी झाली. विजेच्या चाकावर धार लावावयाची असल्यास क्षणोक्षणी पाण्यात बुडवावी. धार निळी पडली, की तेवढ्या भागाचे पाणी गेले असे समजावे.

तयार धार पितळेच्या सळईवर हलकेच दाबून पाहावी. कड किंचित लवून परत आली तर पाणी उत्तम. लवून तशीच राहिली तर पाते मऊ, पुन्हा पाणी द्यावे. टवका उडाला तर फार कठीण, पुन्हा थोडे तापवून उतरवावे. चूक दुरुस्त करता येते, हेच या कामाचे मोठे सुख आहे. भेग पडली तरच पाते टाकावे लागते.

वापरानंतर चीक पुसून तेलाचा हात फिरवावा, आणि कलमे करताना एका झाडाचा रोग दुसऱ्यास जाऊ नये म्हणून मधूनमधून पाते स्पिरिटने पुसावे. येथे हेही नमूद करणे योग्य, की १९५९ च्या शस्त्र कायद्यात केवळ घरगुती अथवा शेतीच्या उपयोगासाठी केलेल्या वस्तू शस्त्रांत गणलेल्या नाहीत. आपले काम त्याच मर्यादेत ठेवावे. लांब पात्यांची हौस धरू नये.

पहिले पाते ओबडधोबड होईल, परंतु दुसरे त्याहून बरे होईल. एक चाकू साधला म्हणजे कमानीचा पाटा घेऊन गावात किंवा शेजारच्या गावात ज्याचा भाता अजून चालू आहे अशा लोहाराकडे जावे, त्याच्याकडून विळ्याचे पाते ठोकवून घ्यावे, आणि तो पाणी कसे देतो ते जवळ बसून पाहावे. रंग ओळखणारी त्याची नजर कोणत्याही पुस्तकात उतरलेली नाही. ती त्याच्याबरोबर नाहीशी होण्यापूर्वी गावातील दोन-चार तरुणांनी तरी ती उचलावी, आणि त्याचे श्रममूल्य त्यास हातोहात द्यावे.