केवडा की मोगरा?

भाद्रपद शुद्ध तृतीयेस हरतालिका, आणि पुढे अनुराधा नक्षत्रावर गौरींचे आवाहन. या दिवसांत कीर्तन आटोपले की भगिनीवर्गाकडून एक प्रश्न हमखास येतो: हळदीकुंकवाला अत्तर केवड्याचे आणावे की मोगऱ्याचे? केवडा शापित, मग तो सणावारी अंगास कसा लावावा, ही त्यामागची शंका.

शिवपुराणाच्या विद्येश्वरसंहितेतील कथा सर्वश्रुत आहे. ज्योतिःस्तंभाचे टोक आपण पाहिले असे ब्रह्मदेव म्हणाले, केतकीने खोटी साक्ष दिली आणि शंकरांनी तिला आपल्या पूजेतून वर्ज्य केले. कथा सांगणारे बहुधा येथेच थांबतात. पुराण थांबत नाही. केतकी काकुळतीला येते, तेव्हा शंकर उःशाप देतात की, माझी माणसे तुला धारण करतील आणि माझ्यावरील वितानात तुला स्थान राहील. तेव्हा हरतालिकेच्या वाळूच्या पिंडीवर केवडा वाहू नये, एवढाच निषेध. मनगटास लावण्याला आडकाठी कसली?

मोगऱ्यावर असा डाग नाही. परंतु त्याचा खरा बहर वैशाख-ज्येष्ठातला. केवडा ऐन पावसाचा. ओडिशातील गंजाम जिल्ह्यात याच सुमारास नर झाडांची कणसे काढतात (दरवळ नरकणसालाच असतो) आणि देगेत घालून वाफेने त्यांचा अर्क उतरवितात. जुन्या रीतीत ही वाफ चंदनतेलात मुरत असे. चंदन महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी दुसरेच तेल वापरतात; कुपी घेताना विचारून घ्यावे.

स्वभावही निराळे. मोगरा मृदू. केवडा उग्र, थेंबभर अधिक झाला तर शेजारणीचे डोके उठते. आमचे मत विचाराल तर गौरीच्या दिवसांत केवडाच, पण फायाच्या टोकाने, जपून. ज्यांना तो सोसत नाही त्यांनी खुशाल मोगरा घ्यावा.

आणखी एक सांगावयाचे आहे. त्या उःशापात सधवा-विधवा असा भेद नाही. अत्तरदाणी फिरू लागली की माजघराच्या दाराशी कोणी काकू, कोणी आत्या मागे सरून उभ्या राहतात, आणि दाणी त्यांना वगळून पुढे जाते. यंदा ती तशी जाऊ देऊ नये. त्यांना आत बोलवावे, आवड विचारावी आणि फाया प्रथम त्यांच्या मनगटाला लावावा.