तीन भाऊ, एक सुझॅना आणि मधे आलेलं महायुद्ध: 'लेजेंड्स ऑफ द फॉल' समजून घेताना

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलच्या गोंगाटात अर्धा निसटला, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. आज बोलायचंय १९९४ च्या 'लेजेंड्स ऑफ द फॉल'बद्दल. दिग्दर्शक एडवर्ड झ्विक, मूळ कथा जिम हॅरिसनची, १९७९ सालची. आणि हो, मी शेवटापर्यंतचं सगळं सांगणार आहे. पिक्चर बघायचा असेल तर आधी बघून या, मग वाचा.

बऱ्याच जणांना यातले ब्रॅड पिटचे लांब केस आणि घोडे तेवढे आठवतात. "एका मुलीवरून तीन भाऊ भांडतात" असा एका ओळीत निकाल लागतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सिस्टिम पडली की आम्ही शेवटच्या एररवर थांबत नाही, मागे मागे जात पहिल्यांदा कुठे बिघडलं ते शोधतो. या घराचं तसंच करून बघू.

आधी माणसं. कर्नल लडलो म्हणजे अँथनी हॉपकिन्स. मूळच्या आदिवासींशी सरकार ज्या पद्धतीने वागलं त्याला कंटाळून तो सैन्य सोडतो आणि मोंटानात, डोंगरांच्या कुशीत, रँच उभं करतो. मुलगे तीन. थोरला आल्फ्रेड, शिस्तीचा. मधला ट्रिस्टन, वाऱ्यासारखा. धाकटा सॅम्युअल, सगळ्यांचा लाडका. सॅम्युअल आपली होणारी बायको सुझॅना हिला घरी आणतो. आपल्याकडच्या नात्यात सांगायचं तर ती बाकी दोघांची धाकटी भावजय होणार. आणि दोघांनाही ती आवडते. इथपर्यंत कुणीच काही चुकीचं केलेलं नाही.

मग युद्ध येतं. इथे एक प्रश्न पडतो: ही अमेरिकन मुलं कॅनडाच्या सैन्यात कशी? उत्तर सोपं आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन युद्धात उतरला आणि ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून कॅनडाही आपोआप ओढला गेला. अमेरिका मात्र एप्रिल १९१७ पर्यंत बाहेर होती. त्यामुळे ज्या अमेरिकनांना लढायचंच होतं, त्यातले अनेक सरहद्द ओलांडून कॅनडात भरती झाले. मोंटानाची उत्तर हद्द तर कॅनडालाच लागून आहे. म्हणजे या तिघांना कुणी बोलावलेलं नव्हतं. सॅम्युअलने आदर्शापायी हट्ट धरला आणि मागोमाग दोघं भाऊ गेले. निघताना ट्रिस्टन सुझॅनाला शब्द देतो की मी त्याला सांभाळीन.

हा शब्द लक्षात ठेवा. एप्रिल १९१५ मध्ये ईप्र इथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, तेव्हा कॅनडाचे सैनिक तिथेच होते. त्या युद्धात कॅनडाचे सुमारे ६१ हजार लोक गेले. पिक्चरमधला सॅम्युअल तसाच जातो: वायूने डोळे गेलेले, काटेरी तारांत अडकलेला, आणि ट्रिस्टन काही पावलांवर. तो पोचतो, पण उशिरा.

माझ्या मते पहिला बिघाड इथे आहे. सुझॅना पुढे ट्रिस्टनची होते खरी, पण तिच्याकडे बघितलं की त्याला मोडलेला शब्दच आठवत असणार. म्हणून तो तिला सोडून समुद्रावर निघून जातो, वर्षानुवर्षं. तिकडून पत्र येतं: दुसऱ्या कुणाशी लग्न कर. आणि ती आल्फ्रेडशी करते.

आता आल्फ्रेड. पिक्चर त्याला जरा कोरडा दाखवतो, पण घरातला थोरला असाल तर तो तुम्हाला लगेच कळेल. त्याने रीतसर मागणी घातली, वाट पाहिली, नाव कमावलं, काँग्रेसमध्ये निवडून गेला. तरी बापाचा जीव ट्रिस्टनमध्ये आणि बायकोचाही. हे तो एकदा तोंडावर बोलून दाखवतो: मी सगळे नियम पाळले, तू एकही नाही, आणि सगळ्यांनी प्रेम तुझ्यावरच जास्त केलं. माझ्यासाठी पिक्चरचा कणा हाच. भावांमधली खरी वाटणी सुझॅनाची नव्हतीच, ती बापाच्या मायेची होती.

दुसरा धक्का दारूबंदीचा. जानेवारी १९२० पासून डिसेंबर १९३३ पर्यंत अमेरिकाभर दारू बंद होती. कॅनडातून चोरटा माल आणणं हा मोठा धंदा झाला. परत आलेला ट्रिस्टन त्यात उतरतो, तर त्याच धंद्यातले ओबॅनियन बंधू आल्फ्रेडच्या राजकारणामागे उभे असतात. म्हणजे मन दुखावलेले भाऊ आता व्यवहारातही समोरासमोर. याचा बळी ठरते ट्रिस्टनची बायको इसाबेल टू. पोलिसाची गोळी दगडावरून उसळते आणि तिला लागते. पुढे सुझॅनाही स्वतःला संपवते.

इथे माझी तक्रार आहे. दोन्ही बायका जातात आणि पिक्चर मात्र पुरुषांच्या दुःखावरच कॅमेरा लावतो. सुझॅनाला नक्की काय हवं होतं, हे तिला कुणी धड विचारतच नाही. गोष्ट सांगणारा क्री म्हातारा वन स्टॅबसुद्धा लडलोंचीच गोष्ट सांगतो, स्वतःच्या लोकांची फारशी नाही.

तरी शेवट बघाच. बापावर बंदूक रोखली जाते तेव्हा गोळी झाडून वाचवणारा आल्फ्रेड असतो. आणि ट्रिस्टन आपली मुलं त्याच्याच हवाली करतो. सांभाळायचा जो शब्द ट्रिस्टनला पाळता आला नाही, तो आता नियम पाळणाऱ्या थोरल्याकडे जातो.

जॉन टोलला यातल्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं, आणि ते डोंगर बघायचे तर फोन बाजूला ठेवून मोठा स्क्रीन शोधा. शक्य असेल तर भावाला सोबत बसवा, विशेषतः ज्याच्याशी बरेच दिवस बोलणं झालेलं नाही त्याला.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!