बटण दाबल्यावर कोण येणार?

हिंजवडीतील एखाद्या मोठ्या गृहसंकुलात कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास जाऊन पाहा. तरुण मंडळी माहिती-तंत्रज्ञान उद्यानातील कार्यालयांत गेलेली असतात, मुले शाळेत असतात आणि बागेतील बाकांवर सोलापूर, लातूर, सातारा, जळगाव अशा गावांहून मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा बसलेले दिसतात. उन्हे चढली की तेही आपापल्या मजल्यावर परततात. मग सायंकाळपर्यंत चौदाव्या मजल्यावरचे ते दार बंदच असते. घर भरलेले असूनही दुपार मात्र एकट्याची, अशी ही नवी राहणी आहे.

माझ्या सासूबाई अशाच एका दुपारी न्हाणीघरात घसरल्या. त्यांच्यासाठी आम्ही हौसेने आणलेले आपत्कालीन बटण त्या वेळी देवघराशेजारच्या खुंटीवर टांगलेले होते. आंघोळीत ते भिजेल म्हणून त्यांनी काढून ठेवले होते. कामाला येणाऱ्या मावशी चार वाजता आल्या, तोवर तीन तास उलटले होते. दाराला आतून कडी होती, ती तोडण्यात आणखी वेळ गेला. सुदैवाने हाड मोडले नव्हते. तरी त्या तीन तासांची भीती त्यांच्या चालण्यातून कित्येक महिने गेली नाही.

पडण्याइतकेच पडून राहणेही घातक असते. कठीण फरशीवर तासन्‌तास एकाच कुशीवर राहिल्याने स्नायू चेंगरतात, त्यांतून रक्तात उतरणारी द्रव्ये मूत्रपिंडांना इजा करू शकतात, शरीरातील पाणी कमी होते, त्वचेवर दाबाच्या जखमा होतात. इंग्लंडमधील केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्या व्यक्तींचा एक अभ्यास झाला. तो २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात पडलेल्यांपैकी तीस टक्के व्यक्ती किमान एकदा तासभर किंवा अधिक काळ जमिनीवर पडून राहिल्या होत्या. मदतीची बटणे अनेकांकडे होती. परंतु दीर्घकाळ पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगांत ती वापरलीच गेली नाहीत. हे वाचले तेव्हा आमची खुंटी मला आठवली.

म्हणून खरेदीपूर्वी पहिला प्रश्न यंत्राविषयी विचारू नका. ज्यांच्यासाठी ते घ्यायचे त्यांना विचारा : गळ्यात घालाल, की मनगटावर बांधाल? “मी काय आजारी आहे का?” असे उत्तर मिळेल. त्याचा राग मानू नये. मंगळसूत्राशेजारी प्लॅस्टिकचे लोलक लोंबणे अनेकींना रुचत नाही, तर घड्याळासारखे उपकरण सहज चालते. जे आंघोळीत आणि रात्री अंथरुणावरही अंगावर राहील, तेच आपल्या उपयोगाचे. त्यामुळे पाणीरोधकता हा पहिला निकष. दर रात्री चार्जिंगला लावावे लागणारे घड्याळ, रात्री शौचाला उठण्याच्या नेमक्या धोक्याच्या वेळी टेबलावर असते, हेही लक्षात घ्यावे.

पडल्याचे आपोआप ओळखणारी उपकरणे आता मिळतात. अ‍ॅपलच्या घड्याळात ही सोय २०१८ पासून आहे. जोराचा आघात आणि त्यानंतरची निश्चलता यांवरून ती अंदाज बांधतात. मात्र भिंतीला धरून हळूहळू खाली बसलेली व्यक्ती त्यांच्या ध्यानात येईलच असे नाही. उलट हात आपटला तरी कधी खोटी सूचना जाते. ही सोय पूरक समजावी, बटणाला पर्याय समजू नये.

आता मुख्य प्रश्न. बटण दाबल्यावर संदेश कोणाकडे जातो? काही उपकरणे नोंदवलेल्या चार-पाच क्रमांकांना ओळीने फोन लावतात; काही सेवांमध्ये चोवीस तासांचे केंद्र असते आणि त्यासाठी मासिक वा वार्षिक शुल्क भरावे लागते. बहुतेक घरांत पहिला क्रमांक मुलाचा असतो. मुलगा फेज तीनमध्ये, बैठकीत, फोन मूक केलेला. आणि सायंकाळी सहाला निघाला तर अंतर चार किलोमीटरचे असले तरी हिंजवडीची वाहतूक आपण जाणताच. माझे स्पष्ट मत असे की, क्रम नात्याच्या जवळिकीचा नसावा, पावलांच्या अंतराचा असावा. आधी शेजारी, मग फाटकावरील सुरक्षारक्षक, त्यानंतर मुलगा-सून. दूर अमेरिकेत असलेल्या मुलीचा क्रमांक यादीत जरूर ठेवा, पण शेवटी.

सशुल्क सेवा घेत असाल तर करारापूर्वी काही गोष्टी फोनवरच विचारा. केंद्रातील माणूस मराठी बोलतो का? घाबरलेल्या माणसाला त्याच्या बोलीतच बोलता येते. रुग्णवाहिका ते स्वतः बोलावतात, की फक्त तुम्हाला कळवतात? मध्येच सेवा बंद केली तर पैसे परत मिळतात का? उत्तरे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच आहे.

स्थाननिश्चितीवर फार विसंबू नका. उपग्रहाद्वारे मिळणारे स्थान इमारतीपर्यंत नेते. कोणता मजला आणि कोणती सदनिका ते सांगत नाही, आणि घरात ते चुकूही शकते. सिमकार्डावर चालणारे उपकरण असेल तर न्हाणीघरात, जिन्यात आणि उद्वाहनात नेटवर्क मिळते का, हे आधी कोणाचा तरी फोन घेऊन तपासा. घरच्या वायफायवर चालणारे असेल तर वीज गेल्यावर राउटर चालू राहतो का, तेही पाहा. स्मृतिभ्रंशामुळे घराबाहेर निघून जाणाऱ्या व्यक्तीची गरज निराळी आहे. तिला बटण दाबणे सुचणारच नाही, तेथे स्थान कळवणारे घड्याळच हवे.

सर्वांनाच महाग उपकरण हवे असते असेही नाही. रात्री घरात माणसे असतील तर काही शे रुपयांची बिनतारी दारघंटी पुरते : कळ उशाशी, घंटा मुलाच्या खोलीत. न्हाणीघरात दुसरी कळ लावायची तर ती फरशीपासून वीतभर उंचीवर लावा. पडलेल्याचा हात दिव्याच्या बटणापर्यंत पोहोचत नाही. न्हाणीघराची आतली कडी काढून बाहेरूनही उघडणारे कुलूप बसवा आणि मुख्य दाराची एक किल्ली शेजारी ठेवा. आम्ही हे नंतर केले.

भ्रमणध्वनीतही सोय असते. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटकळ असावी, असा केंद्र सरकारचा नियम आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरणे, स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबणे, अशी ती योजना आहे. फोनागणिक पद्धत थोडी बदलते, म्हणून आपल्या फोनची पद्धत नातवंडाकडून समजून घ्या. वैद्यकीय संकटात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. ११२ हा सर्व आपत्तींसाठीचा क्रमांक. १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी मात्र माहिती, सल्ला आणि आधारासाठी आहे; छातीत दुखत असताना ती लावू नये.

मदतीला येणाऱ्यालाही थोडे शिकवून ठेवावे लागते. पडलेल्या व्यक्तीला दंडाला धरून एकदम उचलू नये. जांघेत तीव्र वेदना असेल किंवा एक पाय आखूड वा बाहेर वळलेला दिसत असेल तर हलवू नये, पांघरूण घालून १०८ ला बोलवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असून डोक्याला मार लागला असेल तर ‘बरे वाटतेय’ म्हटले तरी रुग्णालय गाठावे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे. रक्तातील गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. औषधांची यादी, अ‍ॅलर्जी आणि कोणत्या रुग्णालयात न्यायचे ते एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूस चिकटवा. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय की जवळचे खासगी, हा निर्णय घाईच्या क्षणी घ्यायचा नसतो.

एवढे झाले की एखाद्या बुधवारी दुपारी तीन वाजता, आगाऊ न सांगता, बटण दाबून पाहा आणि घड्याळ लावा. आमच्याकडे पहिल्या वेळी रक्षक पोहोचायला अठरा मिनिटे लागली, कारण कंत्राट बदलून आलेल्या नव्या माणसाला आमची इमारतच ठाऊक नव्हती. आता दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सासूबाई स्वतःच बटण दाबतात. चार मिनिटांत तो वर येतो आणि त्याच्यासाठी चहाचे आधण तयार असते.