घराच्या नावाचं पाकीट

‘फॅमिली डॉक्टर संपत चाललेत म्हणतात, जाऊन बघ,’ असं संपादकांनी सांगितलं. म्हणून पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या एका जुन्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या परवानगीनं, संध्याकाळभर कोपऱ्यात बसले.

मला खिळवून ठेवलं ते डॉक्टरांच्या पाठीमागच्या कपाटानं. इथे केसपेपर माणसाच्या नावानं लावत नाहीत, घराच्या नावानं लावतात. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकाच जाड पाकिटात.

पन्नाशीचे एक रिक्षावाले आले. “ॲसिडिटी फार झालीय डॉक्टर, गोळी द्या.” डॉक्टरांनी पाकीट काढलं आणि त्यांच्या नव्हे, धाकट्या भावाच्या पेपरवर नजर टाकली. भावाला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. “जळजळ जेवल्यावर होते, की जिना चढताना?” रिक्षावाले थबकले. “जिन्यातच जास्त होते, खरं तर.” लगेच ईसीजी काढला. पट्टीवर बदल दिसत होते. ॲस्पिरिन चघळायला देऊन डॉक्टरांनी स्वतः हॉस्पिटलला फोन लावला. “रिक्षा इथेच राहू द्या, मुलाला बोलावून घ्या.” पुढच्या पेशंटला आत घ्यायच्या आधी त्यांनी पेपरवर तारीख घालून सगळं नोंदवलं.

हे शिकवतं कोण? एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक, यातला बहुतेक काळ मोठ्या रुग्णालयात जातो. तिथे आजार ठळक होऊन पोचलेला असतो. दवाखान्यात तो नुकता डोकं वर काढत असतो. शिकवणारेही स्पेशालिस्टच. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षं फाउंडेशन आणि त्यावर किमान तीन वर्षं जीपीचं खास प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडे फॅमिली मेडिसिनचा तीन वर्षांचा डीएनबी आहे, कोझिकोडच्या सरकारी महाविद्यालयात एमडीही आहे, पण बहुतेक मेडिकल कॉलेजांत या विषयाचा विभागच नाही. पोरं एमबीबीएस होताच नीट-पीजीच्या क्लासला बसतात. नुसतं एमबीबीएस म्हणजे शिक्षण अर्धवट राहिलं, असं घरचेही धरून चालतात. मला याची खरंच धास्ती वाटते.

1995 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आली. पेशंटला दाद मागता आली, हे योग्यच झालं. पण या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या मते, तेव्हापासून ‘दोन दिवस थांबून बघू’ म्हणायला तरुण डॉक्टर बिचकतात आणि तपासण्या लिहून मोकळे होतात.

या दवाखान्याला वारस नाही. डॉक्टरांची मुलगी रेडिओलॉजिस्ट आहे. जागेला गिऱ्हाइकं येऊन जातात, पाकिटं सांभाळणारं कुणी येत नाही. राज्यातल्या प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात फॅमिली मेडिसिनचा विभाग निघावा आणि प्रत्येक इंटर्नला निदान महिनाभर अशा दवाखान्यात बसवावं. शिकवणारी ही पिढी अजून प्रॅक्टिस करते आहे, तोवरच हे जमेल.